जुन्या हार्डडिस्कवर अ‍ॅपडेटा फोल्डर दिसतच नाहीये, स्टिकी नोट्स कशा काढू?

पाटीपेन्सिल
लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, दुरुस्तीत काही अर्थ नाही असं कळलं म्हणून त्यातली हार्डडिस्क काढून युएसबी केसमध्ये घातली आणि नव्या मशिनला लावली. ई ड्राईव्ह म्हणून व्यवस्थित दिसतेय, डॉक्युमेंट्स, फोटो, डाऊनलोड्स सगळं कॉपी करून झालं, तिथपर्यंत ठीक. पण माझा जीव अडकलाय तो स्टिकी नोट्समध्ये. मी भाषांतराचं काम करते आणि कुठल्या क्लायंटला कुठला शब्द चालतो, कुठला बघूनच कपाळाला आठ्या पडतात, आकडे कसे लिहायचे, हे सगळं गेली काही वर्षं त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. (बॅकअपवर लेक्चर नको प्लीज, ते घरी रोज मिळतंय.)

शोधल्यावर कळलं की या नोट्स अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरात असतात. ई ड्राईव्ह, मग युजर्स, मग माझ्या नावाचं फोल्डर इथवर पोचले, तिथे डेस्कटॉप, म्युझिक, व्हिडिओज सगळे हजर आहेत पण अ‍ॅपडेटा म्हणून काही नाहीच. सर्चमध्ये टाकून बघितलं, बराच वेळ गोल गोल फिरलं आणि काही नाही. डिस्क काढताना उडालं की काय? जुन्यावर विंडोज १० होतं, नव्यावर ११ आहे. कमांड वगैरे फार कळत नाहीत पण नीट सांगितलंत तर टाईप करेन.

धडाधड_एंटर
सोप्पंय. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, रनची छोटी खिडकी येईल, त्यात टक्क्याचं चिन्ह, लगेच अ‍ॅपडेटा, लगेच परत टक्क्याचं चिन्ह, मधे स्पेस नको, एंटर. थेट आत जाल. हिडन बिडन काही बघायची गरजच नाही.

पाटीपेन्सिल
उघडलं! रोमिंग नावाचं फोल्डर आलं, त्यात मायक्रोसॉफ्ट पण आहे, पण त्यात स्टिकी नोट्स काही दिसत नाही. आणि एक विचित्र म्हणजे आतल्या सगळ्या तारखा हे मशिन घेतल्यानंतरच्याच आहेत, असं कसं?

तळघर
कारण ते नव्या मशिनचं अ‍ॅपडेटा आहे, जुन्या डिस्कचं नाही. टक्क्यांच्या मधे लिहिलेलं जे असतं ते विंडोज 'आत्ता जो लॉगिन आहे त्याचं' असं समजतं, त्यामुळे ई ड्राईव्ह जोडलेला असो नसो, तुम्ही कायम सी ड्राईव्हवरच जाऊन पडणार. चालू मशिनसाठी ती युक्ती उत्तम आहे, बाहेरून लावलेल्या डिस्कसाठी शून्य उपयोग. तिथे काही डिलीट किंवा पेस्ट केलं नाहीयेत ना? नसेल तर उत्तम.

आता मूळ प्रश्न. तुमचं फोल्डर कुठेही उडालेलं नाही, ते हिडन आहे इतकंच. अ‍ॅपडेटावर हिडन नावाचं अ‍ॅट्रिब्यूट लावलेलं असतं, ही खूण फाईलबरोबर डिस्कवरच लिहिलेली असते, त्यामुळे डिस्क दुसऱ्या मशिनला लावली तरी ती खूण तिथेच राहते आणि नवं विंडोज ती पाळतं. विंडोज ११ मध्ये कुठलंही फोल्डर उघडा, वरच्या पट्टीत व्ह्यू, त्यात सगळ्यात खाली शो, त्यात हिडन आयटम्स, त्यावर टिक. कोणाकडे १० असेल तर व्ह्यू टॅबवर हिडन आयटम्सचा चौकोन समोरच असतो, आणि ७ वाल्यांनी आल्ट दाबून वर मेनू आणायचा, टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यू, त्यात शो हिडन फाईल्स. टिक केल्यावर अ‍ॅपडेटा फिकट रंगात दिसायला लागेल.

आत गेल्यावर लोकल, लोकललो आणि रोमिंग अशी तीन फोल्डरं दिसतील. रोमिंगमधलं सामान ऑफिसच्या डोमेन नेटवर्कमध्ये युजरच्या मागे दुसऱ्या मशिनवर जाऊ शकतं, लोकलमधलं त्याच मशिनवर राहतं, लोकललो हे ज्या प्रोग्रामना मुद्दाम कमी अधिकार देऊन चालवतात त्यांच्यासाठी. विंडोज ७ च्या स्टिकी नोट्स रोमिंगमध्ये असायच्या, तुमच्याकडे १० होतं म्हणजे लोकलमध्ये बघा. लोकल, मग पॅकेजेस, मग मायक्रोसॉफ्ट डॉट मायक्रोसॉफ्टस्टिकीनोट्स अशा नावाचं फोल्डर ज्याच्यापुढे अंडरस्कोअर आणि अक्षरं-आकड्यांची अगम्य शेपटी असते, मग लोकलस्टेट. पॅकेजेसमध्ये शंभरेक फोल्डरं असतील, तिथे कीबोर्डवर मायक्रोसॉफ्ट टाईप करत बसू नका, निम्म्यांची नावं तिथूनच सुरू होतात, डोळ्यांनीच शोधा.

पण हे सगळं करायच्या आधी एक. जुन्या लॅपटॉपवर स्टिकी नोट्समध्ये मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने साईन इन केलेलं होतं का? असेल तर नोट्स ऑनलाईन सिंक झालेल्या असतात, ब्राउझरमध्ये वननोट डॉट कॉम स्लॅश स्टिकीनोट्स उघडून त्याच अकाऊंटने लॉगिन करून बघा, पाच मिनिटांत विषय संपेल.

पाटीपेन्सिल
साईन इन कधीच केलं नव्हतं, लॅपटॉपलाच लोकल अकाऊंट होतं. त्यामुळे खणणं आलंच. टिक करून बघते.

टिंब_टिंब
लिनक्सचा लाईव्ह पेनड्राईव्ह असेल तर यातली निम्मी कटकट होतच नाही. त्यावरून मशिन चालू करायचं, इन्स्टॉल न करता ट्राय निवडायचं, तुमची डिस्क लावायची. विंडोजचं हिडन अ‍ॅट्रिब्यूट लिनक्स मुळात बघतच नाही, त्यामुळे अ‍ॅपडेटा बाकीच्या फोल्डरांसारखंच समोर दिसतं, आणि परमिशनची भानगडही मधे येत नाही. फक्त जुनं विंडोज नीट शटडाऊन न होता बंद पडलं असेल किंवा फास्ट स्टार्टअप (मशिन लवकर चालू व्हायची सोय) चालू असेल तर डिस्क रीड ओन्ली उघडेल, पण तुम्हाला कॉपीच तर करायचंय, ते उलट बरंच.

लिनक्समध्ये हिडन म्हणजे वेगळं काही नसतंच, नावाची सुरुवात टिंबाने झाली की फाईल लपते. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसायला लागते, टर्मिनलमध्ये एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) ला मायनस ए लावायचा. सेटिंग्ज बहुतेक टिंब कॉन्फिगमध्ये, डेटा टिंब लोकलमधल्या शेअरमध्ये, टिंब कॅशे उडवलं तरी सहसा बिघडत नाही. आणि हे कोणी बसून ठरवलेलंसुद्धा नाही. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाईकने २०१२ मध्ये लिहिलं होतं की सुरुवातीच्या युनिक्समध्ये एलएसच्या यादीत एक टिंब (म्हणजे हेच फोल्डर) आणि दोन टिंबं (म्हणजे त्याच्या वरचं फोल्डर) ही दोन खास नावं दिसू नयेत म्हणून कोणीतरी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का इतकंच तपासलं, आणि त्यामुळे टिंबाने सुरू होणारी सगळीच नावं गायब व्हायला लागली, मग लोकांनी तोच रस्ता धरला. माझं होम फोल्डर आज अशा टिंबवाल्या फोल्डरांनी गच्च भरलंय, त्यातली कित्येक कुठल्या प्रोग्रामने टाकली ते त्या प्रोग्रामलाच माहीत.

तळघर
लाईव्ह लिनक्सचा मार्ग चांगला आहे, पण ज्या बाईंना एक फोल्डर हवंय त्यांना पेनड्राईव्ह बनवणं, बायोसमध्ये बूट ऑर्डर बदलणं हे सांगण्यात पॉइंट नाही. विंडोजमध्ये अडलंच तर मग बघू.

पाटीपेन्सिल
दिसलं! फिकट पिवळं, अ‍ॅपडेटा. पण आता दोन नवे प्रॉब्लेम.

एक, माझ्या नावाच्या फोल्डरात घुसताना आधी काही विचारलं नव्हतं असं आठवतंय, पण अ‍ॅपडेटावर डबल क्लिक केलं तर म्हणतंय की तुम्हाला या फोल्डरची परमिशन नाही, कायमची परमिशन हवी असेल तर कंटिन्यू दाबा. दाबू का? कायमची म्हटलं की भीती वाटते.

दुसरं, हिडन चालू करताना मी उत्साहात फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्सवरची टिकसुद्धा काढली, त्याने एक वॉर्निंग दिली, मी येस केलं. आता ई ड्राईव्हवर काय काय उगवलंय. डॉलरचं चिन्ह लावलेली नावं, सिस्टिम व्हॉल्युम इन्फर्मेशन, आणि एक डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, ज्याच्यावर शॉर्टकटसारखा बाण आहे आणि क्लिक केलं की सरळ अ‍ॅक्सेस डिनाईड. यात माझ्या जुन्या फाईली अडकल्यात का? की हा व्हायरस आहे?

तळघर
व्हायरस नाही. एकेक करून घेऊ, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. न दिसणं आणि न उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिडन म्हणजे फक्त यादीत दाखवू नको. सिस्टिम म्हणून दुसरी खूण असते, हिडन आणि सिस्टिम दोन्ही लावलेलं असलं की नुसत्या हिडन आयटम्सच्या टिकने ते दिसत नाही, तुम्ही काढलीत ती दुसरी टिक काढावी लागते. या दोन्ही खुणा डॉसच्या जमान्यापासून आहेत आणि त्यांचा सुरक्षेशी तसा संबंध नाही, ज्याला टिक करता येते त्याला सगळं दिसतं. उघडायला देणं न देणं हे परमिशन ठरवतात. तुमच्या फोल्डरवर जुन्या लॅपटॉपवरच्या तुमच्या अकाऊंटला परमिशन आहे, नव्या मशिनवरचं अकाऊंट विंडोजच्या लेखी दुसराच माणूस, नाव अगदी सेम असलं तरी. कारण विंडोज नाव बघत नाही, आतला एक लांबलचक आयडी बघतं.

म्हणून तुमच्या बाबतीत कंटिन्यू दाबा, बिनधास्त. कायमची म्हणजे त्या फोल्डरच्या परमिशनच्या यादीत तुमचं नवं अकाऊंट जोडलं जातं. वर अ‍ॅड्रेस बारमध्ये हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहील, अ‍ॅपडेटामध्ये हजारो बारक्या फाईली असतात आणि तो आतल्या सगळ्यांना परमिशन लावत जातो, मधेच अडकल्यासारखं वाटलं तरी डिस्क ओढून काढू नका. डिस्क खरखरत असती, मधेच गायब होत असती तर मी हे करू नका म्हटलं असतं, मरत्या डिस्कवर आधी पूर्ण कॉपी काढायची असते, पण तुमचा मदरबोर्ड गेलाय, डिस्क ठणठणीत दिसतेय. आणि मुळात उघडतेय म्हणजे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लागलेलं नव्हतं हेही नशीब, नाहीतर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधत बसायला लागलं असतं.

आता डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज. विंडोज एक्सपीपर्यंत युजरचं सगळं सामान या नावाच्या फोल्डरात असायचं, व्हिस्टापासून ते युजर्समध्ये गेलं. पण जुन्या प्रोग्राममध्ये जुना पत्ता लिहिलेला असायचा, तो मोडू नये म्हणून विंडोजने जुन्या नावाची एक पाटी ठेवली जी युजर्सकडे पाठवते. याला जंक्शन म्हणतात. आत काहीही नाही, ते फोल्डर नाहीच आहे. क्लिक करून उघडत नाही कारण त्यावर मुद्दामच सगळ्यांना यादी बघायला मनाई लावलीये, जुना प्रोग्राम पूर्ण पत्ता देऊन त्यातून पलीकडे जाऊ शकतो, पण आत काय काय आहे हे विचारू शकत नाही.

यात तुमच्यासारख्यांसाठी एक खड्डा आहे. त्या पाटीवर पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, सी ड्राईव्हवरचं युजर्स असा. डिस्क आता ई झाली तरी पाटीवर सीच आहे. म्हणजे लोक चिडून त्या जंक्शनची ओनरशिप घेतात, परमिशन फोडतात, आत शिरतात, आणि मग पोचतात कुठे तर नव्या मशिनच्याच युजर्समध्ये, आणि समजतात की ही जुनी डिस्क आहे. तिथे साफसफाई केली की संपलं. अ‍ॅपडेटाच्या लोकलमध्येसुद्धा अ‍ॅप्लिकेशन डेटा नावाचं असंच एक जंक्शन आहे, ते लोकललाच परत दाखवतं, आपल्या आपल्या मशिनवर एखादं बावळट बॅकअप सॉफ्टवेअर त्यात शिरलं की अ‍ॅप्लिकेशन डेटाच्या आत अ‍ॅप्लिकेशन डेटा, त्याच्या आत परत तेच, पत्ता लांबत लांबत जाऊन शेवटी एरर. कमांडने कॉपी करणार असाल तर रोबोकॉपीला स्लॅश एक्सजे लावा, मग ते जंक्शनमध्ये शिरतच नाही. तुम्हाला एवढं लागणार नाही, एकच फोल्डर हवंय.

धडाधड_एंटर
कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून टेकओन (मालकी घेणारी कमांड) आणि मग आयकॅकल्स (परमिशन बदलणारी) मारलं पूर्ण ई ड्राईव्हवर तर एका फटक्यात सगळं मोकळं होतं की, कशाला एकेक.

तळघर
होतं, पण पूर्ण ड्राईव्हवर का मारायचं? ती डिस्क उद्या परत दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवून त्यावरचं विंडोज चालू करायचं ठरलं तर सिस्टिम फाईलींच्या परमिशन विस्कटलेल्या असतील आणि मग विंडोज कशाकशावर रुसेल ते सांगता येत नाही. आणि हात घसरून ईच्या जागी सी टाईप झालं तर विचारायलाच नको. जिथे काम आहे तेवढंच उघडा.

चावलेलं_सफरचंद
मॅकवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण हाच प्रश्न तिकडेही येतो. मॅकवर अ‍ॅपडेटाच्या जागी होम फोल्डरमधलं लायब्ररी असतं, ते लायनपासून म्हणजे २०११ पासून लपवलंय. फाईंडरमध्ये गो मेनू उघडून ऑप्शन दाबून धरलं की यादीत लायब्ररी प्रकट होतं, बोट सोडलं की परत गायब. बाकी टिंबवाल्या फाईलींसाठी कमांड, शिफ्ट आणि टिंब एकदम, हे सिएरापासून चालतं, त्याच्या आधी टर्मिनलमध्ये सेटिंग बदलून फाईंडर रिस्टार्ट करायला लागायचा. आणि पूर्ण पत्ता माहीत असला तर कमांड शिफ्ट जी, हिडन असो नसो, थेट जाता येतं.

तळघर
तो पत्ता टाईप करायचा प्रकार विंडोजमध्येही चालतो बरं का. अ‍ॅड्रेस बारमध्ये पत्त्याच्या शेवटी बॅकस्लॅश मारून अ‍ॅपडेटा लिहिलं की हिडनची टिक नसतानासुद्धा आत जाता येतं. दुसऱ्याच्या मशिनवर त्याची सेटिंग न बदलता काम करायचं असेल तर मी तेच करतो.

पाटीपेन्सिल
कंटिन्यू दाबलं, हिरवी पट्टी रांगत रांगत पोचली एकदाची, मधे एकदा पूर्ण खिडकीच पांढरी झाली होती पण तुम्ही सांगितलं होतं म्हणून हात लावला नाही. लोकल, पॅकेजेस, ते शेपटीवालं फोल्डर, लोकलस्टेट, सगळं तस्संच मिळालं.

आता आत प्लम डॉट एसक्यूलाईट नावाची फाईल आहे, आणि त्याच नावाच्या अजून दोन, एकीच्या शेवटी मायनस एसएचएम आणि दुसरीच्या मायनस डब्ल्यूएएल. मुख्य फाईलची तारीख लॅपटॉप बंद पडायच्या बऱ्याच आधीची आहे, डब्ल्यूएएलची मात्र शेवटच्या दिवसाची. नोट्स नेमक्या कुठल्या फाईलीत? डबल क्लिकने काहीच उघडत नाही.

तळघर
तारखा बघितल्यात हे फार चांगलं केलंत, इथेच लोक फसतात. तिन्ही घ्या, एकही सोडू नका.

प्लम हा डेटाबेस आहे, एसक्यूलाईट प्रकारचा. तुम्ही नोटमध्ये काही लिहिता ते लगेच मुख्य फाईलीत जातंच असं नाही, आधी डब्ल्यूएएलमध्ये लिहिलं जातं आणि मग सवडीने मुख्य फाईलीत ओतलं जातं. दुकानदार दिवसभराचं कच्च्या वहीत टिपतो आणि नंतर पक्क्या खात्यात चढवतो तसं. तुमचा लॅपटॉप अचानक गेला, त्यामुळे शेवटचं सगळं कच्च्या वहीतच राहिलेलं असणार. नुसती मुख्य फाईल उचललीत तर नोट्स उघडतील, पण जुन्या, आणि तुम्ही म्हणाल अलीकडचं कुठे गेलं. तिन्ही फाईली एकाच फोल्डरात, नावं अजिबात न बदलता ठेवायच्या, वाचणारा प्रोग्राम डब्ल्यूएएल आपोआप शोधून घेतो.

म्हणून आधी अख्खं लोकलस्टेट फोल्डर नव्या मशिनच्या डेस्कटॉपवर कॉपी करा, आणि मग त्या कॉपीची अजून एक कॉपी. ई ड्राईव्हवरची मूळ फाईल थेट उघडू नका, कारण उघडणारा प्रोग्राम कच्ची वही पक्क्यात ओतून बदल करू शकतो, त्यात काही गडबड झाली तर मूळ हातात राहायला हवं.

पुढे दोन रस्ते. पहिला, नव्या मशिनवर स्टिकी नोट्स अ‍ॅप एकदा उघडा म्हणजे त्याचं फोल्डर तयार होईल, मग ते पूर्ण बंद करा, टास्कबारवर आहे का बघा, टास्क मॅनेजरमध्येही बघा. मग सी ड्राईव्हवर तसंच त्याच्या लोकलस्टेटमध्ये जा, इथे ती टक्केवाली युक्ती कामाची आहे, फक्त अ‍ॅपडेटाच्या आधी लोकल जोडून लोकलअ‍ॅपडेटा असं एक सलग लिहायचं म्हणजे रोमिंगऐवजी लोकल उघडतं. तिथल्या प्लमवाल्या फाईली बाजूला दुसऱ्या फोल्डरात काढून ठेवा आणि तुमच्या तिन्ही तिथे टाका. अ‍ॅप उघडा. नव्या मशिनवर आधीच काही नोट्स लिहिल्या असतील तर त्या यात दिसणार नाहीत, त्या बाजूला काढलेल्या फाईलीत आहेत, म्हणून आधी टेक्स्ट फाईलीत उतरवून घ्या.

दुसरा रस्ता, अ‍ॅपने नखरे केले तर. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाईट म्हणून फुकट प्रोग्राम आहे, त्यात तुमच्या कॉपीतली प्लम फाईल उघडा, ब्राउज डेटामध्ये नोट नावाचं टेबल निवडा, टेक्स्ट नावाच्या कॉलममध्ये तुमचा सगळा मजकूर असेल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बॅकस्लॅश आयडी आणि पुढे लांब आकडे असा कचरा दिसेल, तो फाईंड रिप्लेसने उडवता येतो. देवनागरी नीट दिसते, काळजी नको.

जुनाट_मॉनिटर
मधे घुसतोय, सॉरी, पण तुमचं वाचून मीपण ती दुसरी टिक काढली आणि माझ्या सी ड्राईव्हवर हायबरफिल डॉट सिस आणि पेजफाईल डॉट सिस अशी दोन धूड दिसतायत, मिळून कित्येक जीबी. माझा सी कायम लाल असतो. उडवू का? शिवाय विंडोजच्या आत इन्स्टॉलर नावाचं एक फोल्डरही तसंच फुगलंय.

टिंब_टिंब
या धाग्याची भीतीच होती मला. दिसलं की उडवायचं.

तळघर
थेट डिलीट कशालाच मारू नका. हायबरफिल ही हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशिन पूर्ण बंद करायची जागा, विंडोज १० आणि ११ मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते. हायबरनेट वापरत नसाल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ लिहिलं की विंडोज स्वतःच ती फाईल काढून टाकतं. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, मशिन चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी संपताना काम वाचवून बंद होण्याची सोयही जाते, हे लक्षात घेऊन करा. पेजफाईल म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा, तिला आहे तशी राहू द्या, चार जीबी वाचवायच्या नादात प्रोग्राम धडाधड बंद पडायला लागतील.

इन्स्टॉलरला हात लावू नकाच. त्यात तुम्ही घातलेल्या प्रोग्रामच्या इन्स्टॉल फाईली आणि पॅच ठेवलेले असतात, उडवल्यावर त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून लोकांना वाटतं जमलं, आणि मग पुढे कधीतरी एखादा प्रोग्राम अपडेट करायला किंवा काढायला गेलं की ती फाईल शोधतो आणि ठप्प. विंडोजच्या आतल्या विनएसएक्सएस फोल्डरचंही (विंडोजच्या स्वतःच्या भागांचा साठा) तेच, तिथे तर दिसणारा आकडाही फसवा असतो, कारण त्यातल्या पुष्कळ फाईली हार्डलिंक आहेत, म्हणजे डिस्कवर एकदाच आहेत पण दोन ठिकाणी दिसतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. सिस्टिम व्हॉल्युम इन्फर्मेशनमध्ये रिस्टोर पॉइंट असतात, त्याची जागा सिस्टिम प्रोटेक्शनच्या सेटिंगमधून कमी करता येते, आत शिरून नाही.

जागा हवी असेल तर डिस्क क्लीनअप चालवा आणि क्लीनअप सिस्टिम फाईल्सवर क्लिक करा, विंडोज अपडेटचा जुना माल तिथून निघतो. आणि आधी तुमचं डाऊनलोड्स फोल्डर उघडून बघा, माझ्या अनुभवात खरा चोर तिथेच सापडतो.

पाटीपेन्सिलताई, तुमच्या ई ड्राईव्हवरच्या याच नावाच्या फाईलींना मात्र हे लागू नाही. तिथलं विंडोज चालूच नाहीये, त्यामुळे तिथल्या हायबरफिल आणि पेजफाईल नुसत्या पडून आहेत. पण नोट्स मिळाल्याशिवाय त्या डिस्कवरचं काहीही हलवू नका.

पाटीपेन्सिल
मिळाल्या!! पहिल्याच रस्त्याने. अ‍ॅप उघडलं आणि धपाधप सगळ्या चिठ्ठ्या स्क्रीनवर आल्या, एकावर एक, रंगांसकट. लॅपटॉप जायच्या दिवशी दुपारी लिहिलेली नोटसुद्धा आहे, 'या क्लायंटला आज्ञार्थ नको' अशी, म्हणजे ती डब्ल्यूएएलवालीच असणार. सगळ्या आता एका साध्या टेक्स्ट फाईलीतही उतरवतेय, तळघर तुमचे खूप आभार, टिंब_टिंब तुमचेही.

शेवटचं विचारते. आता डेस्कटॉपवर फिकट रंगाच्या दोन डेस्कटॉप डॉट आयएनआय फाईली आल्यात, एकाच नावाच्या दोन कशा? उडवू का, आणि ती हिडनची टिक परत घालू का?

तळघर
दोन आहेत कारण डेस्कटॉप दोन फोल्डरांचा मिळून दिसतो, एक तुमचा आणि एक पब्लिक म्हणजे त्या मशिनवरच्या सगळ्यांचा, दोन्हींची एकेक आयएनआय. फोल्डरचा आयकॉन, नाव कसं दाखवायचं हे त्यात असतं. उडवू नका, फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबवर जाऊन हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्सवर परत टिक करा, त्या दोन्ही आणि ती डॉलरवाली मंडळी सगळी गायब होतील. हिडन आयटम्स चालू ठेवायचं असेल तर ठेवा, मी ठेवतो, अ‍ॅपडेटा रोज लागतं.

आणि ई ड्राईव्ह फॉरमॅट करायच्या आधी अख्खं युजर्समधलं तुमचं फोल्डर अ‍ॅपडेटासकट एकदा कुठेतरी कॉपी करून ठेवा. ब्राउझरचे बुकमार्क, भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची सेटिंग्ज, वर्डमध्ये स्वतः घातलेले शब्द, बरंच काही तिथेच असतं आणि काय राहिलं ते नंतर गरज पडल्यावरच आठवतं.

पाटीपेन्सिल
वर्डमध्ये घातलेले शब्द पण तिथेच?? ते तर मी विसरलेच होते. कुठे बघू?

तळघर
रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ. त्यात कस्टम डॉट डीआयसी, नोटपॅडमध्ये उघडते.